हिरव्या गराचा दुधी

श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी शैलजाबाईंनी जिवतीच्या कागदाला आघाड्याची आणि दूर्वांची माळ घातली आणि आपल्या एक्केचाळीस वर्षांच्या मुलीला पाटावर बसवून पुरणाच्या दिव्यांनी ओवाळायला घेतलं.

"आई, मला आता जवळचा चष्मा लागलाय," शर्वाणी म्हणाली. "अजून किती वर्षं ओवाळणार?"

"मी आहे तोवर. हलू नकोस, तूप सांडेल."

"आणि मला कोण ओवाळणार?" स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला.

"सासूबाई असत्या तर त्यांनी ओवाळलं असतं. तुम्ही भाजीकडे बघा, खाली लागेल."

मिरजेतल्या या घरात भाजी बाबांनीच करायची, हे अकरा वर्षांपूर्वी ठरून गेलं होतं. लहानपणच्या संधिज्वरानं शैलजाबाईंच्या हृदयाची एक झडप पार कामातून गेली होती. ती काढून तिथं धातूची बसवली. खोलीत सामसूम असली की तिची टिकटिक ऐकू यायची. शेजारची पोरं म्हणायची, आजींनी घड्याळ गिळलंय. त्या शस्त्रक्रियेनंतर वीज मंडळातून नुकतेच निवृत्त झालेल्या विश्वासरावांनी कढई हातात घेतली ती पुन्हा खाली ठेवली नाही.

धातूच्या झडपेवर रक्त गोठायला बघतं. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, जन्मभर. आणि हिरव्या पाल्याचं त्या गोळीशी वाकडं. पाला जास्त झाला की गोळीचा जोर कमी होतो, पाला बंद केला की तीच गोळी भारी पडते. डॉक्टर मुजावरबाईंनी यावर सोपा तोडगा काढला होता. एक दिवसाआड वाटीभर पालेभाजी, ना कमी ना जास्त. फळभाजी हवी तेवढी. श्रावणात मात्र शैलजाबाई पालेभाजी वर्ज्य करायच्या, त्यांच्या आईपासून चालत आलेला नेम होता तो, म्हणून श्रावणापुरता गोळीचा चौथा हिस्सा कमी. डॉक्टरांनी हा नेम मोडायला सांगितला नाही, उलट औषधाच्या कागदावर 'श्रावण' असा वेगळा रकानाच घातला. इतकी वर्षं रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा जागचा हलला नव्हता, म्हणून चाचणीही आता तीन महिन्यांनी एकदाच व्हायची.

पानात पुरण होतं, कटाची आमटी होती आणि बाबांची हरभऱ्याची डाळ घातलेली दुधीची भाजी होती. भाजी गर्द हिरवी होती.

"पालक घातलात की काय?" शर्वाणीनं विचारलं.

"श्रावणात? तुझी आई मला घराबाहेर काढेल. पाचू आहे तो. कौस्तुभचा." बाबांच्या आवाजात अशी ऐट होती की जणू तो दुधी त्यांच्याच गच्चीवर जन्मला होता. "दर आठवड्याला पेटी पाठवतो पठ्ठ्या. रोज करतो मी. मंडईत पाटी लागलीये बघ, एकीकडे पालक, एकीकडे पाचू. लोह, फोलेट, प्रथिनं, सगळं पालकाइतकं. वर पालकासारखं मुतखड्याचं भय नाही. खाली मोठ्या अक्षरात काय लिहिलंय माहितीये? श्रावणातही चालेल!"

कौस्तुभ आरगडे हा शैलजाबाईंचा लाडका विद्यार्थी. शर्वाणीच्याच वर्गातला. वनस्पतिशास्त्र शिकायला तो रोज संध्याकाळी या घरी यायचा आणि जेवूनच जायचा. आता तो एका मोठ्या बियाणे कंपनीचा मुख्य शास्त्रज्ञ होता, आणि पाचू ही त्याची निर्मिती होती.

शैलजाबाईंनी एक फोड उचलून उजेडात धरली. "दुधीचा गर पांढरा असतो, कारण आतल्या पेशी हरितलवकं करायच्या बंद होतात. सालीपुरती हिरवळ, आत काही नाही. कौस्तुभनं ते बंद होणारं बटण शोधलं आणि चालूच ठेवलं. पानातला अख्खा कारखाना त्यानं फळात नेऊन बसवला." त्यांनी फोड तोंडात टाकली. "वेष फळाचा आणि आत पान. आता माझा नेम मोडला की नाही, हे देवाला कसं विचारू?"

"देवाला वनस्पतिशास्त्र येत नाही," बाबा म्हणाले. "अजून वाढू?"

"वाढा."

शनिवारी सकाळी बाबा चहा घेऊन गेले तेव्हा शैलजाबाईंच्या तोंडाची उजवी बाजू ओघळली होती आणि त्यांना काहीतरी सांगायचं होतं ते सांगता येत नव्हतं. दवाखान्यात कळलं की झडपेवर रक्ताची गाठ धरली होती आणि तिचा तुकडा मेंदूत गेला होता. सोमवारी त्या गेल्या.

भेटायला आलेल्यांना शर्वाणी सांगायची, झटका आला, त्रास झाला नाही फारसा. गेली, वारली, संपलं सगळं, यांपैकी जो शब्द समोरच्याला सोसेल तो ती वापरायची. शब्दांशी तिचं रोजचं काम होतं. पुण्यात शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेत ती विज्ञानाची संपादक होती.

रक्त इतकं घट्ट कसं झालं, याला डॉक्टरांकडे एकच उत्तर होतं. गोळ्या चुकल्या असणार. त्यांनी ते हळुवारपणे विचारलं होतं. "विश्वासराव, एखाद दुसरी राहून गेली का?"

"मी स्वतः देत होतो," बाबा म्हणाले. "रोज. हातावर."

एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर त्या विषयावर बोलले नाहीत. शर्वाणीनं संस्थेला कळवून टाकलं की यापुढं ती मिरजेहूनच काम करेल. माडीवरच्या खोलीत तिनं टेबल मांडलं. बाबा खाली दोन माणसांची भाजी करायला शिकले. कौस्तुभच्या पेट्या येतच राहिल्या.

थंडीच्या दिवसांत सातवीच्या पुस्तकाचा एक पाठ तिच्याकडे तपासायला आला. 'दोन भाज्यांची गोष्ट'. पाठात पालक आणि पाचू यांची तुलना होती, एकीकडे जुडीचं चित्र, दुसरीकडे कापलेल्या दुधीचं, मध्ये पोषणमूल्यांच्या ओळी. तक्ता कंपनीनंच दिलेला होता. तक्त्यात काय आहे यापेक्षा काय नाही हे आधी बघायची शर्वाणीला सवय होती. पालकाच्या कुठल्याही तक्त्यात के जीवनसत्त्व असतंच, किंबहुना पालकाचा खरा तोरा तिथंच. या तक्त्यात पालकाच्या बाजूलाही ते नव्हतं.

तिनं समासात लिहिलं, 'के?' आणि मग त्या एका अक्षराकडे बघत बसली.

के जीवनसत्त्व पानात कुठं असतं ते तिनं त्या दुपारी वाचून काढलं. ते हरितलवकाच्या आतच बसवलेलं असतं. सूर्यप्रकाशानं मोकळा झालेला विद्युत्कण एकाकडून दुसऱ्याकडे सोपवायची जी साखळी असते, तिच्यातली ती एक कडी आहे. ती काढली तर प्रकाशसंश्लेषण थांबतं. म्हणजे के वगळून हिरवळ नेता येत नाही. जिथं पानाचा कारखाना, तिथं के. आपलं यकृत याच के जीवनसत्त्वाच्या मदतीनं रक्त गोठवणारी द्रव्यं तयार करतं, आणि आईची गोळी नेमकी त्या कामात खो घालायची. एका वेळी दोघांपैकी एकाचंच चालणार. आणि श्रावणात गोळी कमी केलेली होती.

वेष फळाचा आणि आत पान. आई ते हसत हसत म्हणाली होती आणि आणखी वाढा म्हणाली होती.

शर्वाणी खाली आली नाही. बाबांनी दोनदा जेवायला हाक मारली.

पालकाची एक जुडी आणि पेटीतला एक पाचू तिनं पुण्याच्या खासगी प्रयोगशाळेत पाठवले. वाटीला वाटी, के जीवनसत्त्व दोन्हींत जवळपास सारखं निघालं. साध्या दुधीत ते नावापुरतं असतं. आई ते महिनाभर रोज दोन दोन वाट्या खात होती.

डॉक्टर मुजावरांनी निकाल पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाल्या, "विश्वासरावांनी मला फोन केला होता, दुधी रोज चालेल का म्हणून. मी म्हटलं, दुधी ना? खुशाल. शर्वाणी, त्याच महिन्यात माझ्या आणखी दोन पेशंटच्या झडपा अडकल्या. दोघीही श्रावण पाळणाऱ्या. त्यांच्या घरच्यांनाही मी गोळ्यांबद्दलच विचारलं."

"मग आता?"

"आता वर, सरकारी अन्न खात्याला कळवायचं. भाजी बाजारातून परत घ्यायला लावता येईल, निदान पाटीवर इशारा तरी. पण नुसत्या संशयावर कोणी हलत नाही. त्या दोन घरांत भाजी बाहेरून यायची, कोणी काय घातलं याचा पत्ता नाही. तुमच्याकडे तसं नाही. रोज काय शिजलं, किती वाढलं, गोळी कधी दिली, हे सांगणारा माणूस तुमच्या घरात आहे. त्यांचा सहीनिशी जबाब लागेल."

"बाबांचा."

"ज्यानं भाजी केली त्याचा," डॉक्टर म्हणाल्या.

तासगाव रस्त्याला कंपनीचं मोठं काचघर होतं. मांडवावरून शेकडो पाचू लोंबत होते. कौस्तुभ हात पुसत समोर आला. आईच्या दहाव्याला तो भेटला होता तेव्हा ढसाढसा रडला होता. शर्वाणीनं प्रयोगशाळेचा निकाल त्याच्यापुढं धरला. तो बघताच त्याला सगळं कळलं, हे तिला त्याच्या मानेवरून समजलं. आश्चर्य वाटलेला माणूस मान वर करतो. कौस्तुभनं खाली घातली.

"तू मोजलं होतंस," ती म्हणाली.

"सगळंच मोजतो आम्ही. अगं, जीवनसत्त्व आहे ते, विष नाही. हाडांना चांगलं असतं."

"मग तक्त्यात का नाही?"

"चर्चा झाली होती. घातलं असतं तर खाली बारीक अक्षरांत टीप द्यावी लागली असती, अमुक गोळ्या घेणाऱ्यांनी वगैरे. मार्केटिंगवाले म्हणाले, टीप असलेली भाजी कोण घेतं? पालकावर कुठं टीप असते?"

"पालक पालकासारखा दिसतो, कौस्तुभ."

त्यानं एका वेलीचा तणावा उगाच सरळ केला. "मला वाटलं, डॉक्टर सांगतील."

"डॉक्टरांना तू सांगितलंस?"

त्यानं तणावा सोडून दिला. मग त्याचा आवाज खाली आला, अगदी मऊ झाला. लहानपणी वही मागताना व्हायचा तसा. "शर्वाणी, बाईंना मी आईसारखं मानायचो. माझ्यावर काय गुदरलंय ते माझं मला ठाऊक. पण तू हे बाहेर काढलंस ना, तर पहिला प्रश्न काय विचारतील माहितीये? ती भाजी रोज कोण करून घालत होतं? काकांना झेपेल हे? या वयात?"

शर्वाणीनं निकालाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यानं धमकी दिली नव्हती. काळजी केली होती. धमकी असती तर तिला तिथंच काही करता आलं असतं.

"येते," ती म्हणाली.

त्यानंतरचे महिने तिनं द्वेष जोपासण्यात घालवले, आणि त्या कामात तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती हुशार निघाली. वरवर काहीच बदललं नाही. कौस्तुभचा फोन आला की ती "हो, बरं आहे" म्हणायची. सातवीच्या पुस्तकातला पाठ तिनं काढून टाकला, कारण दिलं की भाषा क्लिष्ट आहे. त्या दिवशी तिला जेवण चवीचं लागलं. पण असल्या चिमटीएवढ्या सुडानं भूक भागत नव्हती. त्याची प्रत्येक मुलाखत ती ऐकायची आणि मनातल्या मनात त्याला भर सभेत प्रश्न विचारायची. तो कसा घाम पुसेल, पाण्याचा पेला कसा चाचपडेल, लोक कसे एकमेकांकडे बघतील, सगळं तिच्या डोळ्यांपुढं यायचं. पुढं कुठंही गेला तरी त्याला कोणीतरी शैलजाबाईंबद्दल विचारलंच पाहिजे. त्याच्या मुलांनीसुद्धा.

आणि दर वेळी त्या सभेच्या शेवटच्या रांगेत बाबा बसलेले असायचे.

तिथं सगळं अडायचं. आपल्या वडलांवरची माया हीच त्या माणसाची ढाल झाली आहे, हे तिला कळत होतं, आणि त्याबद्दल तिला त्याचा जितका संताप यायचा तितका आईच्या मरणाबद्दलही येत नसेल. बाबा गुणगुणत दुधी चिरत असले की ती माडीवर निघून जायची. पेटीतले पाचू ती गुपचूप कचऱ्यात टाकायची. बाबांना वाटायचं, पोरगी आईच्या आठवणीनं ती भाजी खात नाही. ते तसं वाटणं तिनं मोडलं नाही.

आषाढ संपत आला तेव्हा बाबा एक दिवस उत्साहानं माडी चढून आले. "अगं, शैलाच्या शाळेत प्रयोगशाळेला तिचं नाव देतायत. पैसे कौस्तुभच्या कंपनीनं दिलेत. रविवारी कार्यक्रम आहे. त्याला म्हटलं, आधी घरी जेवायला ये. चालेल ना तुला?"

"बोलवा की," शर्वाणी म्हणाली. तो या घरात पाय ठेवून, या ताटात ती भाजी कशी खातो, हे तिला बघायचं होतं. इतकंच. त्यापुढचं तिनं ठरवलं नव्हतं.

रविवारी कौस्तुभ आला, बाबांच्या पाया पडला, आईच्या फोटोपुढं हात जोडून उभा राहिला. बाबांनी पाटपाणी केलं. भाजी अर्थातच पाचूची होती. या वेळची पेटी बाबांनी शर्वाणीच्या हाती लागू दिली नव्हती.

"वा काका!" पहिल्याच घासाला कौस्तुभ म्हणाला. "बाईंच्या हातची आठवण झाली."

"बाईंच्या हातची कसली रे? शेवटची अकरा वर्षं तिनं पळीसुद्धा उचलली नाही. आयतं खाऊन वर चुका काढायची. मीठ कमी, डाळ कच्ची." बाबा हसले. "पेपर तपासल्यासारखं जेवायची."

"मलाही चौदा मार्क दिलेत वीसपैकी, पोह्यांना."

दोघं मोकळेपणी हसले. शर्वाणी वाढत राहिली. तिला वाटलं होतं त्याला घास गिळवणार नाही. तो चवीनं जेवत होता.

"एक चांगली बातमी आहे काका," कौस्तुभ म्हणाला. "या श्रावणापासून पाचू दवाखान्यांच्या स्वयंपाकघरांत जातोय. पहिल्यांदा इथंच, मिरजेत. हृदयाच्या रुग्णांना हलकं आणि पौष्टिक."

"तक्ता तोच?" शर्वाणीनं विचारलं.

त्यानं तिच्याकडे न बघता पोळीचा तुकडा मोडला. "तोच."

"मोठा झालास रे," बाबा म्हणाले. त्यांचा हात ताटातच थांबला होता. "आज ती हवी होती. कौस्तुभ, तू घरचा म्हणून बोलतो. शर्वाणीशी बोलायचा मला धीर झाला नाही कधी. शैला माझ्यामुळं गेली."

शर्वाणीच्या हातातला डाव तसाच राहिला.

"गोळी मीच चुकवली असणार. मी छातीठोकपणे सांगितलं डॉक्टरांना, रोज हातावर देत होतो. पण बाळ, वय झालंय. रोजचं एकच काम, त्यात आजचं केलं की कालचं केलेलं आठवतंय, काय सांगावं? वर्ष होत आलं. रोज सकाळी उठलो की मी त्या महिन्यातली एकेक सकाळ आठवत बसतो. कुठली राहिली असेल, कुठली राहिली असेल."

कौस्तुभनं पाण्याचा घोट घेतला. आता सांगेल, शर्वाणीला वाटलं. माणूस आहे, या ताटावर वाढलेला आहे, आता सांगेल.

कौस्तुभनं डावा हात पुढं करून बाबांच्या मनगटावर ठेवला. "मनाला लावून घेऊ नका काका. या वयात होतं असं."

शर्वाणीनं डाव भांड्यात ठेवला आणि ती त्याच्या समोर पाट ओढून बसली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, शांत, नीट.

"कौस्तुभ, आई तोंडी परीक्षा घ्यायची ते आठवतं?"

तो दचकला. "न आठवायला काय झालं. तीनदा 'का' विचारायच्या. तिसऱ्या 'का'ला पोरं रडायला लागायची."

"बाबांना तू तुझं काम कधी नीट समजावून सांगितलंच नाहीस."

"हां, ते मात्र खरं," बाबा डोळे पुसत म्हणाले. विषय बदलला म्हणून त्यांना हायसं वाटलं होतं. "मी आपला चिरतो नुसता. आत हिरवा का, ते शैलानं एकदा सांगितलं होतं. काहीतरी बटण."

"सांग ना कौस्तुभ. हिरवा का?"

"आतल्या पेशींतली हरितलवकं चालू ठेवलीयेत, म्हणून." तो घाईनं म्हणाला. "काका, आपल्याला उशीर—"

"कार्यक्रम चारला आहे. हरितलवकात आणखी काय काय असतं?"

"पुष्कळ काही असतं."

"आईला असं उत्तर चाललं नसतं. विद्युत्कण पुढं सोपवायला काय असतं?"

"शर्वाणी."

"हे माझ्या कामाचं दिसतंय," बाबा म्हणाले. "विद्युत म्हटल्यावर. काय असतं रे?"

कौस्तुभच्या कपाळावर घाम आला होता. तिनं मनात शेकडो वेळा पाहिलेला तोच घाम, आणि तो बघून तिला खरोखर बरं वाटलं. ती त्या बरं वाटण्यापासून मागं सरली नाही.

"के," तो म्हणाला.

"पूर्ण सांग."

"के जीवनसत्त्व."

"ते काढून नुसती हिरवळ ठेवता आली नसती?"

"नाही."

"का?"

"साखळी तुटते."

"किती असतं वाटीभर पाचूत?"

त्यानं ताट पुढं सरकवलं. बाबांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. सारा जन्म तारांमधले बिघाड शोधण्यात गेलेला तो माणूस आता एकेक खांब बघत चालल्यासारखा सावकाश बोलू लागला.

"के म्हणजे ते पालेभाजीतलं. मुजावरबाई सांगायच्या ते. ज्यानं गोळी लागू पडत नाही. म्हणून पालेभाजी मोजून द्यायची." ते थांबले. "पण ही पालेभाजी नाही. हा दुधी आहे. फळभाजी हवी तेवढी, असं त्या... मी फोन करून विचारलं होतं." त्यांनी आपल्या ताटातल्या हिरव्या फोडींकडे पाहिलं. "कौस्तुभ, तुझ्या पाटीवर हे नव्हतं रे."

"काका, पाटीवर सगळंच बसत नाही. कायद्यानं सक्ती नाही. आणि एकाच गोष्टीमुळं असं होत नसतं, शंभर कारणं..." तो उठून उभा राहिला. हात उष्टा होता. शर्वाणीकडे वळून तो दबक्या आवाजात म्हणाला, "थांब इथंच. तुझ्या बाबांचा विचार कर. सगळं बोलायलाच हवं असं नसतं."

"कर त्यांचा विचार, असं तू मला दुसऱ्यांदा सांगतोयस," ती म्हणाली. "आणि आत्ता, तुझ्यासमोर, ते गोळीबद्दल बोलले तेव्हा तू काय म्हणालास ते मी ऐकलं."

"शर्वाणी," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण नजर हलत नव्हती. "काय ते सांग. मला सगळं सांग."

तिनं त्यांचा खरकटा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बाबा, तुमची एकही गोळी चुकली नाही. या भाजीनं आईला मारलं. ती तुम्ही रोज तुमच्या हातानं करून घातलीत, कारण ती चांगली आहे असं या माणसानं तुम्हाला सांगितलं होतं. तो खोटं सांगत होता, आणि त्याला ते माहीत होतं."